धाराशिवच्या बायकांनी जगाला दिलेला पुरावा

अणदूरकरांनो, गर्भाशयमुखाच्या कर्करोगावरचा एक फार मोठा अभ्यास आपल्याच जिल्ह्यातला आहे! १९९९ पासून तेव्हाच्या उस्मानाबादच्या खेड्यांतल्या ३० ते ५९ वयाच्या १,३१,७४६ स्त्रिया त्यात होत्या. मुंबईचं टाटा मेमोरियल, बार्शीचं नर्गिस दत्त कॅन्सर हॉस्पिटल आणि फ्रान्समधली आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्था यांचं हे काम २००९ साली प्रसिद्ध झालं. ज्या गटाची एचपीव्ही या विषाणूसाठीची डीएनए चाचणी एकदाच झाली, त्यात या कर्करोगाचे मृत्यू जवळपास निम्म्यावर आले. एकदाच, बरं का!

त्या चाचणीतून धोकादायक विषाणू आहे की नाही एवढंच कळायचं. आता सिक्वेन्सिंगमुळे विषाणूची साधारण ८,००० अक्षरांची अख्खी जनुकसंहिता वाचता येते. विषाणूचा प्रकार १६ आहे की १८, एकाच स्त्रीत दोन प्रकार आहेत का, जुनाच संसर्ग टिकलाय की नवा झालाय, हे उलगडतं. बहुतेक संसर्ग एक-दोन वर्षांत आपोआप जातात. धोका टिकून राहणाऱ्याचा. मला सगळ्यात थक्क करणारा शोध २०१७ चा: हजारो नमुन्यांतला प्रकार १६ वाचल्यावर दिसलं, की कर्करोग झालेल्यांमध्ये त्याचं ई-७ हे जनुक जवळजवळ बदललेलंच नसतं.

तिशी ओलांडलेल्या मायबहिणींनो, डॉक्टरांना एचपीव्ही चाचणीबद्दल नक्की विचारा.