एक गोळी, दोन विषाणू

एचआयव्हीसोबत हिपॅटायटिस बी असेल, तर रक्ताचे रिपोर्ट वेगळ्या नजरेने वाचावे लागतात. प्रतिकारशक्ती खचल्याने बी विषाणूचा डीएनए जास्त सापडतो, यकृताची इजा दाखवणारं एसजीपीटी मात्र अनेकदा फारसं वाढत नाही. यकृताला इजा होते ती मुख्यतः आपल्याच प्रतिकारपेशींच्या हल्ल्याने. म्हणूनच उपचारानंतर सीडी४ या प्रतिकारपेशी वाढताना एसजीपीटी कधी उसळतं. अशा वेळी गोळ्या सोडू नयेत, लगेच डॉक्टरांना गाठावं. सरकारी एआरटी केंद्रात मोफत मिळणाऱ्या टीएलडी गोळीतली टेनोफोविर आणि लॅमिव्ह्युडिन दोन्ही विषाणूंना रोखतात. डीएनए हळूहळू उतरतो; बी विषाणूची एचबीएसएजी ही चाचणी बहुधा वर्षानुवर्षं पॉझिटिव्हच राहते, ते औषधाचं अपयश नव्हे. रोजची गोळी चुकू नये म्हणून डोंबिवलीहून पहाटेची लोकल धरणाऱ्यांनी ती रात्रीच्या जेवणाशी जोडावी. गोळी परस्पर बंद केली, तर हिपॅटायटिस जोरात उलटू शकतो.