सात माणसांची गाडी घेताना

(आकाशवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)

खान्देशात घरची मोठी गाडी कधी लागते, हे सांगायला नको. आखाजीला लेकींना माहेरी आणायचे असते. लग्नसराईत एका दिवसात दोन गावच्या पंगती गाठायच्या असतात. चैत्रात सप्तशृंग गडावर जायचे असते. म्हणजे गाडीवर सगळ्यांत जास्त भार पडतो तो नेमका एप्रिल-मे महिन्यांत, जळगाव-भुसावळचा पारा पंचेचाळीसच्या घरात असताना. एरवी ती दारात उभी असते, नाही तर बाजारात जाऊन येते.

म्हणून सात-आठ आसनांची गाडी घेताना 'गाडी भरवशाची आहे ना?' एवढे विचारून भागत नाही. कोणत्या ऋतूत, किती माणसे घेऊन आणि कोणत्या रस्त्यावर भरवशाची, असे विचारले पाहिजे. दुचाकी बंद पडली तर एकाची पंचाईत होते. ही गाडी बंद पडली तर म्हातारी आई, लेकुरवाळी सून आणि चार पोरे भर उन्हात रस्त्यावर येतात.

पहिली परीक्षा उन्हाची. इंजिन थंड ठेवणारी यंत्रणा, म्हणजे रेडिएटर, पंखा, पाण्याचा पंप, थर्मोस्टॅट आणि रबरी नळ्या. यांतले एक जरी थकले तरी इंजिन तापते आणि हेड गॅस्केट जाते. मग खर्च शेकड्यांत राहत नाही. आपल्याकडे कूलंटऐवजी नळाचे पाणी ओतायची सवय आहे. त्या पाण्यातले क्षार आत साचतात आणि रेडिएटर चोंदतो. जुनी गाडी बघताना, इंजिन पूर्ण थंड असताना, रेडिएटरचे झाकण उघडून पाहावे. आत गंजाचे तांबडे पाणी दिसले तर सावध व्हावे. तेलाच्या झाकणाच्या आत दुधाळ साय दिसली तर तेलात पाणी मिसळत असण्याची शक्यता असते. अशी गाडी मिस्त्रीला दाखवल्याशिवाय घेऊ नये. मारुतीच्या ओम्नीचे आणि ईकोचे इंजिन पुढच्या आसनांच्या खाली असते. तिथे पटकन नजर जात नाही, म्हणून आसन उचलूनच बघावे. ओम्नी १९८४ मध्ये आली आणि २०१९ मध्ये बंद झाली, तेव्हा आता मिळेल ती जुनीच. ईको २०१० पासून आहे.

दुसरी परीक्षा ओझ्याची. सात मोठी माणसे म्हणजे साडेचारशे किलोच्या आसपास वजन. त्यावर बॅगा, आहेराची भांडी आणि येताना गव्हाचे पोते. एवढे घेऊन चाळीसगावहून कन्नडचा घाट किंवा शिरपूरच्या पुढे बिजासनचा घाट चढायचा म्हटला की क्लच, ब्रेक आणि पाटे किंवा स्प्रिंगा यांचे खरे वय कळते. चढावर इंजिनाचा आवाज वाढतो पण वेग वाढत नाही, असे झाले तर क्लच प्लेट झिजली असे समजावे. टायरची नक्षी खोल दिसली म्हणून टायर नवे ठरत नाही. त्याच्या बाजूवर चार आकडे असतात. पहिले दोन आठवडा सांगतात, पुढचे दोन वर्ष. '१८१९' असेल तर तो २०१९ च्या अठराव्या आठवड्यात तयार झाला. उभ्या गाडीचे टायरही उन्हाने कडक होऊन तडकतात.

तिसरी गोष्ट इंजिनाच्या जातीची. जुन्या डिझेल इनोव्हात टायमिंग बेल्ट असतो. ठरलेल्या अंतरावर तो बदलला नाही आणि तुटला, तर व्हॉल्व्ह आणि पिस्टन एकमेकांवर आदळतात. बेल्ट बदलल्याची पावती मागायला लाजू नये. २०२० च्या एप्रिलपासून विकल्या जाणाऱ्या नव्या डिझेल गाड्यांत धुरातली काजळी अडवणारी जाळी असते. ती स्वच्छ राहायला गाडी अधूनमधून महामार्गावर सलग पळावी लागते. ज्यांची गाडी रोज गोलाणी मार्केटपर्यंतच जाते, त्यांनी डिझेलच्या मागे लागू नये. पेट्रोलमध्येही आता वीस टक्क्यांपर्यंत इथेनॉल असते. जुन्या गाड्यांच्या रबरी नळ्या या मिश्रणाचा विचार करून बनवलेल्या नव्हत्या, म्हणून त्या तपासून घ्याव्यात.

चौथी गोष्ट कंपनीची. आपल्या रस्त्यांवर शेवरोलेची तवेरा पुष्कळ धावली. २००५ ते २०१३ या काळातल्या सुमारे १ लाख १४ हजार तवेरा कंपनीने २०१३ मध्ये परत बोलावल्या, कारण त्या धुराच्या आणि इतर ठरलेल्या निकषांत बसत नव्हत्या. २०१७ अखेर कंपनीने भारतातली विक्रीच थांबवली. अशी गाडी स्वस्त मिळते, पण सुट्या भागासाठी किती दिवस थांबावे लागेल, हे धुळ्या-जळगावच्या मिस्त्रीला आधी विचारावे. परत बोलावणे म्हणजे कंपनी वाईटच, असे मात्र नाही. मारुतीने २०२१ मध्ये अर्टिगासह पाच मॉडेलच्या १ लाख ८१ हजार ७५४ पेट्रोल गाड्या एका विद्युत भागाच्या तपासणीसाठी बोलावल्या होत्या. चासी नंबर देऊन कंपनीकडे चौकशी केली की आपली गाडी त्यात होती का आणि काम झाले का, ते कळते.

पाचवी गोष्ट गाडीच्या पूर्वायुष्याची. घरची म्हणून सांगितलेली गाडी पूर्वी शाळेची मुले किंवा वडाप वाहत असेल. दलाल म्हणतो, 'गाडी एक नंबर शे, भाऊ.' किलोमीटरचा काटा मागे फिरवता येतो, पण झिजलेले पेडल, बसकी आसने आणि सरकत्या दाराचे खिळखिळे रोलर खोटे बोलत नाहीत. आरसी बुक आणि सर्व्हिसच्या नोंदी एकमेकांशी ताडून पाहाव्यात.

आणि शेवटी गॅस. किटची नोंद आरसी बुकात हवी आणि सीएनजी टाकीची दर तीन वर्षांनी होणारी चाचणी झालेली हवी. स्वयंपाकाच्या सिलिंडरमधून गाडीत गॅस भरणे हा गुन्हा आहे, आणि त्याची किंमत आपण पाहिली आहे. नोव्हेंबर २०२४ मध्ये जळगावात इच्छादेवी चौकाजवळ ओम्नीत असा गॅस भरताना स्फोट झाला. प्रवासाला निघालेले कुटुंब त्यात भाजले आणि काहींचा पुढे मृत्यू झाला. पाच-पन्नास रुपये वाचवण्याचा हा हिशोब कोणत्याही घराला परवडणारा नाही.

गाडीवाला सकाळी सातला बोलावतो आणि गुळगुळीत रस्त्यावर एक चक्कर मारून आणतो. आपण दुपारी दोनला जावे. घरची पाच-सहा माणसे बरोबर न्यावीत, एसी लावावा आणि वीस-पंचवीस किलोमीटर जाऊन यावे. लळिंगचा घाट धुळेकरांना जवळच आहे. एकाने मागच्या आसनावर बसून गारवा तिथपर्यंत पोहोचतो का, ते पाहावे. परतल्यावर इंजिन दहा मिनिटे चालू ठेवून तापमानाच्या काट्याकडे नजर ठेवावी. मालक या परीक्षेला तयार नसेल, तर त्याचा चहा घ्यावा, आभार मानावेत आणि दुसरी गाडी बघावी.