बुलफ्रॉगची हाक आणि दयाळाचं गाणं

पावसाळ्याच्या तोंडाशी पिवळ्याधमक बेडकांचे व्हिडिओ मोबाइलवर फिरू लागतात. ‘विषारी आहेत, बाहेरदेशातून आलेत’ असंही सोबत लिहिलेलं असतं. दोन्ही गोष्टी खोट्या. हा आपल्या शेतातला बुलफ्रॉग. एरवी तो मळकट हिरवा-तपकिरी असतो. विणीच्या दिवसांत फक्त नर हळदीसारखा पिवळा होतो आणि त्याच्या गळ्याच्या दोन पिशव्या गर्द निळ्या दिसतात.

त्याच्या ओरडण्याने पाऊस येतो, हा समज तर थेट उलटा. दमदार पाऊस पडून उथळ डबकी साचली की नर मादीला हाका मारतात. डबकं आटण्याआधी अंड्यांतून टॅडपोल आणि टॅडपोलचे बेडूक व्हायला हवेत, म्हणून एवढी घाई.

ओरडणाऱ्या नराकडे नीट पाहिलं तर त्याचं तोंड मिटलेलं दिसतं. फुप्फुसांतली हवा स्वरयंत्रातून पिशव्यांत जाते, पिशव्या टम्म फुगतात आणि तीच हवा परत फुप्फुसांत येते. आवाज स्वरयंत्रात तयार होतो. पिशव्या तो दूरवर पोचवतात.

पक्ष्यांचं तंत्र वेगळं. दयाळ पक्ष्याला आपण ‘गोड गळ्याचा’ म्हणतो, पण त्याचं गाणं गळ्यात जन्मत नाही. श्वासनलिकेला खाली छातीत जिथे दोन फाटे फुटतात, तिथे सिरिंक्स हा अवयव असतो. त्याच्या दोन्ही बाजू स्वतंत्रपणे चालतात, त्यामुळे गाणाऱ्या पक्ष्यांना एकाच वेळी दोन सूर काढता येतात. बेडकाची हाक उपजत असते. गाणाऱ्या पक्ष्यांची पिल्लं मात्र मोठ्यांचं ऐकून, चुकतमाकत गाणं शिकतात.

पहाटे शेंड्यावर बसून गाणारा काळा-पांढरा दयाळ नर नुसता आनंदाने गात नसतो. शेजारच्या नराला तो हद्द दाखवतो आणि मादीला बोलावतो. गाणं फक्त नराचं, हेही खरं नाही. राखाडी छटेची दयाळ मादीसुद्धा नर जवळ असताना थोडं गाते. 2014 साली प्रसिद्ध झालेल्या जगभरच्या अभ्यासात, तपासलेल्या गाणाऱ्या पक्ष्यांपैकी 71 टक्के जातींत माद्या गाताना आढळल्या.

या आवाजापायी बेडूक आणि दयाळ दोघांच्याही जिवावर बेततं. दयाळाला गाण्यासाठी पिंजऱ्यात डांबलं जातं. गोव्यात पहिल्या पावसात बॅटऱ्या घेऊन, हाकांच्या रोखाने बुलफ्रॉग पकडले जातात आणि ‘जंपिंग चिकन’ म्हणून खाल्ले जातात. बेडकं उदंड आहेत, काही बिघडत नाही, ही समजूत सर्वांत घातक. कारण ऐन विणीच्याच वेळी ती मारली जातात. बेडकांच्या तंगड्यांची निर्यात भारताने 1987 मध्येच बंद केली. चोरटी शिकार मात्र अजून होते.