सिग्नल बदलला म्हणजे चॅनेल ब्लॉक झालं का?

चेतातंतूवर झिंक क्लोराइडचं द्रावण टाकलं आणि सिग्नल बदलला, एवढ्यावर प्रस्तावात 'झिंकने चॅनेल ब्लॉक केलं' असं लिहू नका. व्हायव्हात पहिला प्रश्न यावरच येईल: कोणतं चॅनेल, आणि कशावरून?

सिग्नल, म्हणजे पुस्तकातलं क्रियाविभव, दोन प्रवाहांनी बनतं. आधी सोडियम आत येतं, मग पोटॅशियम बाहेर जातं. स्क्विडच्या जाडजूड तंतूवर (व्यास साधारण अर्धा मिलिमीटर!) हॉजकिन आणि हक्स्ली यांनी व्होल्टेज क्लॅम्प वापरून हे प्रवाह वेगळे केले, ते पेपर 1952 चे. 1957 मध्ये तासाकी आणि हागिवारा यांनी अशाच तंतूच्या आत टेट्राइथाइलअमोनियम सोडलं. सिग्नल चक्क लांबला, कारण पोटॅशियमची वाट अडली होती. केंड माशातलं टेट्रोडोटॉक्सिन मात्र सोडियम चॅनेलला बाहेरून बूच मारतं. मग सिग्नलच उठत नाही.

धातूंचं काम इतकं सरळ नसतं. स्क्विडमध्ये झिंकमुळे पोटॅशियम चॅनेल सावकाश उघडतात, पण बंद होण्याचा वेग फारसा बदलत नाही. कॅल्शियम पटलाबाहेरचा ऋण प्रभार झाकतं, त्यामुळे चॅनेल उघडायला जास्त डिपोलरायझेशन लागतं. (रक्तातलं कॅल्शियम घटलं की मुंग्या आणि पेटके येतात, ते म्हणूनच.)

नुसत्या सिग्नलच्या आकारावरून यातलं नेमकं काय घडलं ते ठरत नाही. त्यासाठी व्होल्टेज क्लॅम्पच हवा. लॅबमध्ये तो नसेल तर 'उंची घटली' किंवा 'कालावधी वाढला' इतकंच लिहा, आणि द्रावण धुऊन काढल्यावर सिग्नल पूर्ववत होतो का, ही पायरी आराखड्यात आधीच घाला.