भामरागडचा मुरघास आणि जुन्या कापणी यंत्राची निगा

पर्लकोटा, पामुलगौतमी आणि इंद्रावती या नद्यांच्या संगमाजवळ वसलेल्या, गडचिरोली जिल्ह्यातील भामरागडचा आलापल्लीकडील रस्ता पावसाळ्यातील पुरात वारंवार बंद पडतो, त्यामुळे येथे माणसांच्या धान्याप्रमाणेच गुरांच्या वैरणीची तरतूदही आधीच करून ठेवावी लागते. धान हे मुख्य पीक असल्याने गुरांची भिस्त रानातील चराईवर आणि धानाच्या तणसावर असते. परंतु तणसात प्रथिने अवघी तीन ते चार टक्के असतात आणि उन्हाळ्यात रानही सुकलेले असते, म्हणून चिखलणीच्या ऐन हंगामात, जेव्हा बैलांकडून सर्वाधिक कष्टाची अपेक्षा असते, तेव्हाच ते सर्वाधिक अशक्त झालेले असतात. दूध वाढवण्याचे साधन म्हणून पश्चिम महाराष्ट्रात रुजलेला मुरघास भामरागडात प्रथम या बैलांसाठी विचारात घेण्याजोगा आहे.

मुरघास म्हणजे हिरव्या वैरणीची बारीक कुट्टी करून, ती दाबून, हवाबंद स्थितीत आंबवलेला चारा होय. हवा संपली की लॅक्टिक आम्ल तयार करणारे जिवाणू पिकातील साखरेवर वाढतात, सामू ४ च्या आसपास घसरतो आणि कुजवणारे जिवाणू निष्प्रभ होतात. फ्रान्समधील ऑग्युस्त गोफार यांनी १८७७ मध्ये मक्याच्या मुरघासावर ग्रंथ प्रसिद्ध केला, तर वैरण टिकवण्याच्या पद्धतीसह कृषी व पोषण रसायनशास्त्रातील संशोधनासाठी फिनलंडचे आर्तुरी व्हिर्तानेन यांना १९४५ चे नोबेल पारितोषिक मिळाले. या साऱ्या शास्त्राचा व्यवहारातील पहिला दुवा मात्र कापणी यंत्राचे पाते हाच आहे. कारण एक ते दोन सेंटीमीटर लांबीची एकसारखी कुट्टी नीट दबते, तर लांब आणि चिंबलेल्या तुकड्यांमध्ये हवा अडकून तेथे बुरशी धरते.

ट्रॅक्टरमागे ओढल्या जाणाऱ्या जुन्या यंत्रांचे ढोबळमानाने दोन प्रकार आहेत. पहिल्यात आडव्या दांड्यावर सैल टांगलेली पाती उभ्या पिकावर आदळून ते तोडतात आणि वर फेकतात. त्याची रचना साधी व दुरुस्ती स्वस्त असली तरी तुकडे असमान पडतात. दुसऱ्यात दाबरोळ पीक आत ओढतात, फिरत्या ड्रमवरील पाती ते एका स्थिर पट्टीवर कापतात आणि पंखा ती कुट्टी नळीतून ट्रॉलीत सोडतो. मुरघासासाठी दुसरा प्रकार अधिक योग्य ठरतो. दोन्हींना शक्ती मिळते ती ट्रॅक्टरच्या पीटीओ शाफ्टमधून, म्हणजे मागील बाजूस मिनिटाला साधारण ५४० फेरे फिरणाऱ्या दांड्यातून; फेरे कमी पडले तर पंखा ओली कुट्टी उचलू शकत नाही आणि नळी तुंबते.

जुन्या यंत्राची निगा धारेपासून सुरू होते. पाती बोथट झाली की कुट्टी कापली न जाता फाटते, डिझेल जास्त लागते आणि सारे यंत्र थरथरते. धार लावताना सर्व पाती सारखी घासली जाणे आवश्यक असते, कारण एकच पाते हलके झाले तरी ड्रमचा तोल ढळून बेअरिंग निकामी होते. त्याच कारणाने तुटलेले पाते बदलताना त्याच्या समोरील पातेही बदलावे. धार लावल्यानंतर पाती किंचित आखूड होतात, म्हणून स्थिर पट्टी पुन्हा पात्यांजवळ सरकवावी लागते. पाते पट्टीला घासू नये, पण दोहोंतील फट निर्मात्याने सांगितलेल्या मापापेक्षा रुंदही राहू नये. पट्टीची एक कड गोल झाली असेल आणि रचना अनुकूल असेल, तर ती उलटवून दुसरी कड वापरता येते.

दगड किंवा लोखंड आत गेल्यास यंत्र वाचवण्यासाठी शिअर पिन, म्हणजे मुद्दाम कमकुवत ठेवलेली खीळ, आधी तुटते. तिच्या जागी कठीण पोलादाचा बोल्ट बसवणे म्हणजे पुढच्या धक्क्याला गिअरबॉक्सच मोडायला देणे होय. पीटीओ शाफ्टच्या क्रॉसला आणि बेअरिंगला निर्मात्याच्या वेळापत्रकानुसार ग्रीस द्यावे. हंगाम संपल्यावर यंत्र धुऊन, पूर्ण सुकवून, पात्यांवर तेलाचा थर द्यावा, कारण यंत्राला चिकटून आंबलेला पिकाचा रस लोखंड झपाट्याने खातो. शाफ्टवरील संरक्षक नळी कधीही काढू नये. ट्रॅक्टर बंद केल्यावरही जड ड्रम काही वेळ फिरतच राहतो, म्हणून तो पूर्ण थांबल्याची खात्री केल्याशिवाय तुंबलेली नळी मोकळी करण्यासाठी हात आत घालू नये.

भामरागडच्या शेतांना ही यंत्रे जशीच्या तशी मानवणार नाहीत. धानाच्या बांध्या लहान असतात, त्यांत मागे ट्रॉली जोडलेले यंत्र वळत नाही, आणि खरिपातील मका तयार होतो तेव्हा जमीन ओलीच असते. ओलिताची सोय असलेल्या मोकळ्या शेतात रब्बीचा मका घेतल्यास कापणी कोरड्या जमिनीवर होते आणि मुरघास पावसाळ्यापूर्वी हाताशी येतो. दाणे दुधाळ अवस्था ओलांडून मऊ पिठाळ अवस्थेत आले, पिकात कोरडा अंश ३० ते ३५ टक्के झाला, की कापणी करावी. जमिनीपासून १० ते १५ सेंटीमीटर उंची राखल्यास माती आणि खडे आत जात नाहीत. पाणी वर येणाऱ्या भागात खड्ड्यापेक्षा उंचवट्यावरील प्लास्टिकच्या पिशव्या अधिक सुरक्षित ठरतात. पाच बैलांना रोज १० किलोप्रमाणे १२० दिवस मुरघास द्यायचा, तर सुमारे सहा टन साठा लागतो; एवढ्या साठ्यासाठी स्वतःचे यंत्र घेणे कोणालाच परवडणार नाही.

म्हणून यंत्र सामायिक असावे, हाच व्यवहार्य मार्ग दिसतो. केंद्र सरकारच्या कृषी यांत्रिकीकरण उपअभियानात २०१४-१५ पासून अवजार बँकांना साहाय्य देण्याची तरतूद आहे, आणि २००९ मध्ये सामूहिक वनहक्क मिळवणाऱ्या याच जिल्ह्यातील मेंढा-लेखा गावाने सामायिक मालमत्ता ग्रामसभेच्या बळावर सांभाळता येते हे दाखवून दिले आहे. जुने यंत्र घेताना रंग पाहू नये. ड्रम हाताने फिरवून बेअरिंगचा आवाज ऐकावा, पट्टीची कड तपासावी आणि सुटे भाग मिळतात की नाही याची चौकशी करावी. पात्यांचा एक जादा संच, शिअर पिना, बेअरिंग आणि ग्रीस पावसाळ्यापूर्वीच गावात आणून ठेवावे. जिथे वर्षाचे काही दिवस रस्ताच बंद असतो, तिथे स्वतः दुरुस्त करता न येणारे नवे यंत्र घेण्यापेक्षा गावातील तरुणांना उघडता आणि जुळवता येणारे जुने यंत्र घेणे अधिक हिताचे आहे, आणि ग्रामसभांनी त्याची निवड याच कसोटीवर करावी.