देवळालीचा ताप

इंग्रजी शब्दकोशात ‘डूलॅली’ असा एक शब्द आहे. अर्थ : डोकं फिरलेला. हा शब्द नाशिकजवळच्या देवळालीतून तिकडे गेला. 1861 साली वसलेल्या या कॅम्पात नोकरीची मुदत संपलेले गोरे शिपाई आणून ठेवत आणि मुंबईहून बोट सुटायची वेळ झाली की त्यांना पुढे पाठवत. पण बोटी सुटायच्या त्या हिवाळ्याच्या हंगामात. मार्चची शेवटची बोट हुकली की पुढचे कित्येक महिने इथेच. हाताला काम नाही, वर ऊन, मग मलेरिया, मग दारू. अशा ठिकाणी विचित्र वागू लागलेल्या माणसाला सोबतचे शिपाई म्हणायचे, याला ‘डूलॅली टॅप’ झाला. त्यातला ‘टॅप’ म्हणजे आपला साधा ताप. फ्रँक रिचर्ड्स या शिपायाने 1936 साली प्रसिद्ध झालेल्या आठवणींत हे सगळं नोंदवलं आहे. त्या शिपायांतल्या कित्येकांनी लढाई पाहिली असेल, माणसं मरताना पाहिली असतील. तरी भाषेत नाव उरलं ते वाट पाहण्याने आलेल्या वेडाचं. आज देवळालीत तोफखान्याचं प्रशिक्षण केंद्र आहे आणि तोफांचा आवाज गावाच्या सवयीचा झाला आहे. आवाजाची सवय होते. वाट पाहण्याची होत नाही. जुने, श्वास रोखायला लावणारे भयपट आणि आजचे रक्ताने माखलेले भयपट यांतला फरक मला इथे सापडतो.

हे नुसतं शब्दाचं कौतुक नाही. 2016 साली लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजातल्या संशोधकांनी 45 जणांना संगणकावर एक खेळ खेळायला दिला. पडद्यावरच्या दगडाखाली साप आहे की नाही हे ओळखायचं आणि साप निघाला की हाताला विजेचा दुखणारा झटका बसायचा. कोणत्या दगडाखाली साप असतो याचा अंदाज हळूहळू येई, पण संशोधक मध्येच नियम बदलत. घाम आणि डोळ्यांच्या बाहुल्या यांवरून ताण मोजला, तेव्हा दिसलं की झटका नक्की बसणार हे ठाऊक असताना माणूस तितका अस्वस्थ नसतो. शक्यता निम्मी-निम्मी असते तेव्हा ताण सर्वांत जास्त असतो. चांगला भयपट प्रेक्षकाला नेमका या निम्म्यावर धरून ठेवतो. दार उघडेल की नाही, मागे कोणी आहे की नाही. धड कापून पडद्यावर ठेवलं, की शंकेला जागा उरत नाही आणि भीतीही तिथेच संपते. त्यानंतर वाटते ती किळस. ती भीतीची नातेवाईक खरी, पण राहते वेगळ्या घरात.

‘महल’ (1949) घ्या. कमाल अमरोहींच्या या चित्रपटात जुनी हवेली आहे, झोपाळा आहे, अंधारात दिसून नाहीशी होणारी बाई आहे आणि रक्त जवळजवळ नाही. लता मंगेशकरांचं त्यातलं प्रसिद्ध गाणं ध्वनिमुद्रित करताना आवाज दुरून जवळ येतो असं वाटायला हवं होतं, आणि तसं करणारं यंत्र हाताशी नव्हतं. म्हणून गाण्याच्या सुरुवातीला लताबाई माइकपासून दूर उभ्या राहिल्या आणि गात गात पावलापावलाने जवळ आल्या. त्या चालण्याचं अंतर ऐकणाऱ्याला आजही कळतं. कोण येतंय ते दिसत नाही, पण येतंय हे नक्की. याउलट रामसे बंधूंकडे बघा. ‘दो गज जमीन के नीचे’ (1972) पासून ‘पुराना मंदिर’ (1984) पर्यंत त्यांनी मुखवटे, सडलेली कातडी आणि लाल रंग यांची रेलचेल केली. त्या काळी लोक घाबरलेही. आज तेच चित्रपट मित्रमंडळी एकत्र बसून हसण्यासाठी लावतात. रामसेंवर माझा राग नाही, थोड्या पैशांत इतका उद्योग करणारी माणसं विरळा. पण रंगरंगोटी जुनी होते आणि मग तिच्यातला डिंक दिसू लागतो. ‘महल’मधल्या पावलांवर डिंक नव्हताच.

यावर कोणी म्हणेल, हा जुन्याचा जिव्हाळा झाला. पूर्वी सेन्सॉर कडक होतं, पैसा नव्हता, तंत्र नव्हतं, म्हणून दिग्दर्शकांनी सावल्या वापरल्या. नाइलाजाला कला कशाला म्हणायचं? आक्षेप अर्धा खरा आहे. माइकपासून दूर उभं राहणं हाही नाइलाजच होता. पण साधन का निवडलं हा एक प्रश्न आणि ते माणसावर काय परिणाम करतं हा दुसरा. आणि जुनं ते सगळं सोवळं होतं असंही नाही. हिचकॉकच्या ‘सायको’तला (1960) न्हाणीघरातला खून त्या काळाच्या मानाने भयंकर रक्ताळ होता. मात्र पडद्यावर तो पाऊण मिनिटाच्या आसपास चालतो, आणि कृष्णधवल चित्रपटात रक्त म्हणून वाहतं ते चॉकलेटचं सिरप. तो खून इतका लवकर येतो, की त्यानंतर या गोष्टीत कोणीही कधीही मरू शकतं हे प्रेक्षकाला कळतं. पुढचा सगळा वेळ तो त्या भीतीत काढतो. म्हणजे रक्त इथे पुढच्या भीतीची नुसती इसार-रक्कम आहे. त्यामुळे भांडण जुन्या-नव्याचं नाही, रक्त असण्या-नसण्याचंही नाही. रक्त वाट पाहायला लावतं की वाट पाहणं संपवतं, एवढंच बघायचं.

दुसरा आक्षेप जास्त वजनदार आहे. लोकांना रक्त हवं असतं आणि त्यासाठी ते पैसे मोजतात. ऑक्टोबर 2024 मध्ये ‘टेरिफायर 3’ हा अत्यंत हिंसक, अगदी थोड्या पैशांत काढलेला चित्रपट अमेरिकेच्या तिकीटबारीवर पहिल्या क्रमांकावर आला आणि त्याने ‘जोकर’च्या महागड्या दुसऱ्या भागाला मागे टाकलं. हे नाकारून चालणार नाही. पण अशा चित्रपटाला जाणारा प्रेक्षक घाबरायला जातो का? मला तसं वाटत नाही. तो स्वतःला किती सोसवतं हे अजमावायला जातो. जत्रेत मिरच्या खाण्याची पैज लावतात, तसं. पुढच्या वेळी मिरच्या वाढवाव्या लागतात, आणि अशा मालिकांचा प्रत्येक भाग आधीच्यापेक्षा जास्त कापाकापी करत जातो तो त्यामुळेच. यात मजा असू शकते. आदित्य सरपोतदार यांनी ‘झोंबिवली’त (2022) डोंबिवलीत झोंबी सोडले, चावेही घेतले, पण त्या रक्ताचा उपयोग केला तो विनोदासाठी आणि टॉवर व झोपडपट्टी यांच्यातली दरी दाखवण्यासाठी. रक्त कोणत्या कामाचं आहे हे त्यांना नीट कळलेलं होतं.

घाबरवण्याचं काम मराठीत ज्यांनी केलं, त्यांनी बहुतेक वेळा हात आखडता ठेवला. रत्नाकर मतकरींच्या गूढकथेत साध्या घरातली साधी माणसं हळूहळू आपल्याला नकोशी होत जातात आणि नेमकं काय बिघडलंय ते शेवटच्या काही ओळींपर्यंत कळत नाही. ‘रात्रीस खेळ चाले’ ही मालिका 2016 साली सुरू झाली, तिचं नाव ‘हा खेळ सावल्यांचा’ (1976) या चित्रपटातल्या गाण्यावरून आलेलं. अंधश्रद्धा पसरवते म्हणून कोकणातून तिच्यावर टीका झाली, आणि ती टीका अगदी गैरलागू नव्हती. पण कारागिरी म्हणून पाहिलं तर घराघरातल्या टीव्हीवर चिरफाड न दाखवता महिनोन्महिने माणसांना धाकात ठेवणं सोपं नाही. विशाल फुरिया यांच्या ‘लपाछपी’ने (2017) आणखी अवघड काम केलं. त्यातली भीती बरीचशी भर दिवसा, उसाच्या फडात आहे. पूजा सावंतने रंगवलेली गरोदर नेहा त्या फडाच्या मधोमध एका घरात येऊन राहते. उषा नाईक यांची तुळसाबाई तिचं सगळं प्रेमाने करते. ऊस डोक्यापेक्षा उंच, चार हातांपलीकडचं दिसत नाही, पातीची सळसळ थांबत नाही. पश्चिम महाराष्ट्रात वाढलेल्या माणसाला त्यासाठी वेगळी हवेली लागत नाही. पुढे स्त्रीभ्रूणहत्येचा विषय उलगडतो, तेव्हा आधीची सळसळ नव्याने आठवते. याच दिग्दर्शकाने 2021 मध्ये त्याचा ‘छोरी’ हा हिंदी अवतार केला.

आता ‘तुंबाड’. माझ्या मताला सर्वांत मोठी अडचण हाच चित्रपट करतो, कारण यात राक्षस स्पष्ट दिसतो, लाल दिसतो, आणि तरी भीती संपत नाही. दिग्दर्शक राही अनिल बर्वे यांना या गोष्टीचं बीज 1993 मध्ये नागझिऱ्याच्या जंगलात मिळालं. एका मित्राने त्यांना नारायण धारपांची कथा सांगितली होती. म्हणजे सुरुवात ऐकण्यातून झाली, आणि चित्रपटाची रचनाही सांगितलेल्या गोष्टीसारखीच आहे : आधी नियम, मग प्रसंग. हा राक्षस, हस्तर, भुकेला आहे, त्याला पीठ हवं, पिठाच्या रिंगणात तो येऊ शकत नाही, त्याच्यापुढे पिठाची बाहुली टाकायची आणि तो खातोय तेवढ्यात त्याच्याजवळच्या सोन्याच्या मोहरा ओढायच्या. हे सगळं ठाऊक झाल्यावर हस्तर दिसतो की नाही याला महत्त्व राहत नाही. आपण मोहरांसाठी दोरावर लटकलेल्या लोभी माणसाकडे बघत बसतो आणि तो नियम कधी मोडेल याची वाट पाहतो. तो मोडणार हे त्याच्या स्वभावावरून कळतं, कधी ते कळत नाही. रक्तही आहे, पण ते त्या वाट पाहण्याच्या शेवटी येतं.

आजच्या प्रेक्षकाला थांबायला वेळ नाही, असं निर्माते सांगतात. ‘तुंबाड’ संथ आहे, त्यात पाऊस फार आहे, आणि ऑक्टोबर 2018 मध्ये तो आला तेव्हा तिकीटबारीवर बेताचाच चालला. 13 सप्टेंबर 2024 रोजी तो पुन्हा चित्रपटगृहांत लागला आणि पहिल्या खेपेपेक्षा जास्त कमाई करून गेला. चित्रपट तोच होता. फक्त शेवटी दुसऱ्या भागाची घोषणा जोडलेली होती.