मृत्युपत्राचे व्यवस्थापक : मान आणि जोखीम

घरांतील कर्ता पुरुष मृत्युपत्र करतो तेव्हां व्यवस्थापक म्हणून बहुधा एकाद्या विश्वासू काकांचें किंवा मामांचें नांव घालतो. त्या गृहस्थांनाही तो आपला मान वाटतो. परंतु तेरावा उरकला, पाहुणे पांगले आणि कपाटाच्या किल्ल्या हातीं आल्या, म्हणजे त्या मानाबरोबर आलेली जोखीम दिसूं लागते. 'घरच्या घरीं हिशेब कसला ?' असें म्हणून तिच्याकडे डोळेझांक करणारेच पुढें अडचणींत येतात.

१९२५ च्या भारतीय वारसा कायद्याप्रमाणें मृताची मिळकत व्यवस्थापकाच्या हातीं येते, ती दुसऱ्यांची ठेव म्हणून. एकत्र कुटुंबांत पहिलाच प्रश्न असा कीं, मृताचें स्वतःचें म्हणून नेमकें काय होतें ? १९५६ च्या हिंदु वारसा कायद्यानें एकत्र मिळकतींतील आपला हिस्सा मृत्युपत्रानें देतां येतो. भावाचा, किंवा २००५ च्या दुरुस्तीनें जन्मतः हिस्सेदार ठरलेल्या मुलीचा हिस्सा देतां येत नाहीं. तेव्हां आधीं ही निवड करावी.

प्रोबेट घेतलें असल्यास, न्यायालयानें मुदत वाढविली नसेल तर, सहा महिन्यांत मिळकतीची व देण्याघेण्याची यादी आणि वर्षाच्या आंत जमाखर्च न्यायालयांत दाखल करावा लागतो.

पैसे देण्याचा क्रमही कायद्यानें ठरविला आहे. प्रथम मृताच्या योग्यतेस साजेसा अंत्यविधीचा व शेवटच्या आजारांतील वैद्याचा खर्च. नंतर प्रोबेटचा खर्च. त्यानंतर घरगड्यांचा किंवा स्वयंपाकीणबाईंचा मृत्यूपूर्वीच्या तीन महिन्यांतील थकलेला पगार. मग इतर साध्या कर्जांची पाळी. पैसा अपुरा असेल तर तीं सारख्या प्रमाणांत फेडावयाचीं. व्यवस्थापकाचें स्वतःचें येणें असलें तरी तें आधीं उचलतां येत नाहीं. मृत्युपत्रांतील देणग्या सर्वांच्या शेवटीं. मृत्यूनंतर एक वर्षपर्यंत त्या देण्याची सक्ती त्याच्यावर नाहीं. म्हणून भाचीच्या लग्नाची घाई असली तरी कर्जाचा अंदाज घेतल्यावांचून दागिने हातावेगळे करूं नयेत.

खरी कसोटी भिडेची. समजा, मृतानें जांवयाला दोन लाख रुपये उसने दिले होते. जांवई सुस्थितींत आहेत, पण 'त्यांच्याकडे कसें मागावें ?' म्हणून काका गप्प बसले आणि तीन वर्षांची मुदत उलटून गेली. असें नुकसान काकांनीं स्वतःच्या पदरचें भरून द्यावें, असें कायदा सांगतो. खोटें देणें फेडलें तरी तीच गत.

व्यवस्थापक नेमलेलाच नसेल, तर जो कोणी आपण होऊन मिळकतींत हात घालील, तोही हातीं आलेल्या रकमेपुरता जबाबदार ठरतो. अंत्यविधी, वस्तूंची राखण आणि घरच्यांच्या तांतडीच्या गरजा एवढ्यांची मात्र मोकळीक आहे.

हें ओझें झेपणारें नसेल तर सही करून लेखी नकार देतां येतो. पण एकदां नकार दिल्यावर त्या मृत्युपत्राचें प्रोबेट पुन्हा मागतां येत नाहीं. पत्करलें, तर बँकेंत निराळें खातें ठेवावें, प्रत्येक पावती जपावी, आणि दर तीन महिन्यांनीं वहिनींना व मुलांना समोर बसवून जमाखर्च वाचून दाखवावा. त्यांनीं तो मागण्याची वाट पाहूं नये. ज्यांना मागण्याचा संकोच वाटतो, त्यांचेंच नुकसान बहुधा होत असतें.